मैत्रीची खाज आणि माझं दूध

“कंट्रोल होगा, मम्मी,” त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारलं होतं, बरं कधी होईल?

मला वाटलं, त्यांना माझा प्रश्न नीट कळला नाही. म्हणून पुन्हा विचारलं, “ठीक कब होगा?” त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मैत्रीच्या गालावरून हलकेच बोट फिरवलं. दोन्ही गाल लालभडक आणि खरखरीत झाले होते, डाव्या गालातून पिवळट पाणी झिरपत होतं. मैत्री तेव्हा तीन महिन्यांची होती. ती डॉक्टरीणबाईंकडं बघून हसली. सगळ्यांकडं बघून हसायची तिला सवय होती.

कागदावर त्यांनी लिहिलं, ‘एटॉपिक डर्मटायटिस’. रोजच्या बोलण्यात एक्झिमा. काही मुलांची त्वचा जन्मतःच थोडी कच्ची असते, अंगातला ओलावा धरून ठेवत नाही. मग ती कोरडी पडते आणि खाजते. खाजवलं की फुटते, आणि फुटली की आणखी खाजते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरात कुणाला दमा किंवा सारखी सर्दी असेल तर बाळाला होण्याची शक्यता जास्त असते. माझ्या नवऱ्याला, संघपालला, लहानपणी दमा होता. ते त्यानं डॉक्टरीणबाईंसमोर असं कबूल केलं, जसा काही त्यानं तो मुद्दाम करून घेतला होता.

ज्या आया आज हातमोजे घातलेलं बाळ मांडीवर घेऊन बसल्या असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, एका खाजगी शाळेत गणित शिकवते. तेव्हा औषधं माझ्या लिहिण्यावरून ठरवू नका. पण बाळाला खाज सुटते आणि आपण नुसतं बघत बसतो, ते बसणं कसं असतं हे मला माहीत आहे.

आम्ही तेव्हा नुकतेच छत्तीसगडमधल्या नव्या रायपुरात राहायला आलो होतो. संघपाल मंत्रालयात कारकून, म्हणून तिथलं सरकारी क्वार्टर मिळालं. रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर ओरडावं लागे, पण हाक मारायला पलीकडं माणूस नसायचाच. बस केव्हातरी यायची. शहरातल्या डॉक्टरांकडं जायचं तर सकाळी निघून दुपारी परतायचं. मैत्रीला कापडात गुंडाळून मी थांब्यावर उभी राहायची आणि ती माझ्या खांद्यावर गाल घासायची. घरी येईपर्यंत ब्लाउजच्या खांद्यावर रक्ताचे बारीक ठिपके पडलेले असायचे.

डॉक्टरीणबाईंनी एक मलम दिलं आणि अंगाला चोपडायला एक घट्ट क्रीम दिलं. मलमानं चार दिवसांत गाल निवळले. मला आकाश ठेंगणं झालं. मग औषधाच्या दुकानदारानं दुसरी ट्यूब देताना सांगितलं, “भाभी, इसमें स्टेरॉइड है, बच्चे को ज्यादा मत लगाना।” स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणारं औषध. योग्य जागी, योग्य तितकं लावलं तर ते बाळालाही चालतं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते सगळं सांगितलंही होतं. पण तो शब्द ऐकून आमच्या घरात असा काही गोंधळ उडाला की ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. आठवड्याभरात गाल पुन्हा होते तसे झाले, आणि कोपर, गुडघे, मान सगळीकडं ते पसरलं.

माझ्या सासूबाई जुन्या रायपूर शहरात, भनपुरीला राहायच्या. सासरे रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिकडंच घर बांधलं होतं. ते गेल्यावर त्या एकट्याच राहत, पण नातीचं हे ऐकून पिशवी भरून आमच्याकडं आल्या. चार मुलं वाढवलेली बाई. मैत्रीला घेऊन फिरवताना त्यांचा हात दुखायचा नाही, पाठ दुखायची नाही. मैत्री रडायला लागली की स्वयंपाकघरातून पळत यायच्या. “काहून रडून राहिली माही पोट्टी? काय चावून राहिलं तिले?”

काय चावतंय याचा निकाल त्यांनी दोन दिवसांत लावला. “तुया दुधातच गरमी आहे, वैशाली. पोरीले मानवून नाही राहिलं ते.”

त्या हे घालून पाडून बोलल्या नव्हत्या. तुझ्या कपाळाला घाम आलाय, असं म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मैत्री माझ्या दुधाशिवाय दुसरं काहीच घेत नव्हती. मग तिच्या अंगावर जे उमटतंय ते माझ्यातूनच जात असणार, हे गणित मलाही पटलं.

मग मी एकेक वस्तू सोडत गेले. आधी वांगं आणि शेंगदाणे गेले. तुरीची डाळ गरम, म्हणून ती गेली. अंडी आणि मासळी गेली. मोबाइलवर आयांचा एक गट होता, तिथं कुणीतरी लिहिलं की खरा शत्रू गाईचं दूध, आईनं प्यायलं तर तिच्या दुधातून बाळात जातं. मी दूध, दही, ताक सगळं बंद केलं. दुसरी कुणी म्हणाली गहू. गहूही गेला. उरला भात, मुगाचं पाणी आणि दुधी. शेजारच्या क्वार्टरमधली बाई रोज डोकावून जायची. ती मैत्रीकडं आधी बघायची, मग माझ्याकडं, आणि म्हणायची, “दीदी, नोनी ला नजर लग गे हे.” नोनीला म्हणजे मुलीला नजर लागली. माझी दशा बघून तिला नेमकी कुणाला लागली असं वाटत होतं, देव जाणे.

प्रत्येक वस्तू सोडल्यावर दोन दिवस मैत्री बरी वाटायची. मला खात्री पटायची, हेच होतं ते. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंग पेटायचं आणि मी पुढची वस्तू शोधायची. एक्झिमा आपोआपच चढतो आणि उतरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सासूबाईंनी मात्र एक गोष्ट हातात घेतली होती, ती म्हणजे मैत्रीची आंघोळ. सकाळी उन्हाचा तुकडा मागच्या अंगणात आला की त्या पाटावर बसायच्या, दोन्ही पाय लांब करून मैत्रीला पायांवर घ्यायच्या. वाटीत चण्याच्या डाळीचं पीठ आणि त्यात दुधाची साय. ते कालवून अंगाला हळूहळू चोळायचं. कोरड्या त्वचेला ओशटपणा हवा, हे तर डॉक्टरही सांगतच होते. मी दूध सोडल्यामुळं घरातली साय वाढली होती. ती सगळी त्या मैत्रीसाठी जपून ठेवायच्या, संघपालच्या चहातही जाऊ द्यायच्या नाहीत. जिथं कातडी जास्त फुटली होती तिथं साय जास्त. “चार लेकरं वाढवली म्या याच पिठावर. एकाच्या अंगावर डाग नाही पाहा.” खरंच नव्हता. संघपालची कातडी तर आजही माझ्यापेक्षा मऊ आहे.

मैत्रीला ती आंघोळ आवडायची. दिवसभरात तेवढाच वेळ तिची नखं स्वतःच्या अंगावर नसायची. आंघोळीनंतर कधीकधी तिच्या पोटावर लाल चट्टे उठायचे. आम्ही म्हणायचो, पाणी जरा जास्त गरम झालं.

एप्रिलमध्ये रायपूर तापायला लागलं. कूलर लावला तर दमट हवेनं घाम यायचा, बंद केला तर उकाड्यानं. घाम आला की खाज. मी तिच्या हातांवर माझ्या जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवून बांधल्या. ती त्या पिशव्यांनीच तोंड घासायची. नवऱ्याला मी सांगायची, तू ऑफिसला जातोस, तुला काय कळणार. तो चपला घालून बाहेर जायचा. बाहेर जाऊन तो रडायचा, हे मला त्यानं दोन वर्षांनी सांगितलं.

लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी मैत्रीला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वजन वाढत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही वाढत नव्हते, उलट माझे गाल आत गेले होते. “मम्मी, आप क्या खा रही हैं?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. इतकं काही सोडायची गरज नाही, जेवा, असं ते म्हणाले, पण बाहेर वीस जण खोळंबले होते आणि मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांचं दुसरं वाक्य तेवढं मी ऐकलं. महिन्याभरात वजन वाढलं नाही, तर डब्याचं दूध सुरू करावं लागेल.

डब्याचं दूध म्हणजे माझ्या दुधावर शेवटचा शेरा, असं मला वाटलं. खरं तर दूध आटत चाललं होतं, हे मला कळत होतं. मैत्री ओढायची, चिडायची, सोडून द्यायची आणि मान खाजवायला लागायची. पाजणं ही एकच गोष्ट होती जिच्यात ती आणि मी दोघीच होतो, आणि तीही माझ्या हातून निसटत होती. संघपालनं डबा आणून ठेवला. मी म्हटलं, बुद्धपौर्णिमा होऊ दे, मग उघडू. मला थोडे दिवस हवे होते, बाकी त्यामागं काही शास्त्र नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला मैत्रीला सहा महिने पुरे होत होते. आमच्याकडं बाळाचं पहिलं अन्न म्हणजे विहारातली खीर. कठोर उपासांनी शरीराचा सांगाडा झाल्यावर बुद्धांनी खीर घेतली आणि उपास सोडला, त्या आठवणीची ती खीर. भनपुरीच्या विहारात वर्गणी काढून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवतात. संघपालचं, त्याच्या भावंडांचं, सगळ्यांचं पहिलं अन्न तीच. सासूबाईंनी मैत्रीसाठी पांढरा फ्रॉक शिवून घेतला होता, पूर्ण बाह्यांचा, म्हणजे हात दिसायला नकोत.

वंदना झाली. सासूबाईंनी मैत्रीला मांडीवर घेतलं, वाटीतल्या खिरीत बोट बुडवलं आणि तिच्या जिभेवर ठेवलं. सगळे बघत होते. मैत्रीनं मिटक्या मारल्या. सगळे हसले. सासूबाईंनी दुसरं बोट दिलं.

मग मैत्रीनं तोंड चोळलं. नेहमीसारखंच चोळलं, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. संघपालच्या आधी लक्षात आलं. “वैशाली, तिच्या ओठाले काय होऊन राहिलं?”

ओठ फुगत होते, माझ्या डोळ्यांदेखत. हनुवटीवर, गळ्यावर पांढरट गांधी उठत गेल्या, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं एकदा मोठ्यांदा उलटी केली आणि मग तिचा आवाज बसला. रडण्याचं तोंड होतं, पण आवाज घोगरा, लहानसा येत होता. मी तिला उचललं. मला एवढंच सुचत होतं की तिच्या फ्रॉकची गुंडी सोडावी. ती गुंडी मला सुटली नाही.

विहारातल्या एका गृहस्थांनी त्यांची व्हॅन काढली. भनपुरीचा रस्ता म्हणजे ट्रकच ट्रक. प्रत्येक ट्रकच्या मागं आम्ही थांबायचो आणि मैत्रीच्या नाकपुड्या फुलायच्या. सासूबाई मागच्या सीटवर तिचे पाय चोळत होत्या.  मी संघपालला म्हणत होते, काहीतरी कर. तो काय करणार होता? तो खिडकीतून हात बाहेर काढून ट्रकवाल्यांना हात जोडत होता.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात एका डॉक्टरनं मैत्रीकडं एकदा बघितलं आणि एकच विचारलं, “क्या खाया?” आणि तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. ॲड्रेनलिन. या धक्क्याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात, म्हणजे एखाद्या पदार्थाशी शरीराची अशी टोकाची भांडाभांडी की श्वासावर बेततं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं. थोड्या वेळानं तिचा आवाज परत आला. तिनं असा टाहो फोडला की बाजूच्या खाटेवरचे आजोबा दचकले. ते रडणं मला कुठल्याही गाण्याहून गोड वाटलं, हे मी आईपणाच्या सगळ्या लाजेसकट सांगते.

तिला देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांचे मोठे डॉक्टर आले, पिकलेल्या केसांचे, सावकाश बोलणारे. खाटेजवळ त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. डॉक्टर बसलेला बघून मी घाबरलेच. त्यांनी विचारलं, बाळाला याआधी वरचं दूध दिलं होतं? नाही. कधीच नाही? कधीच नाही. अंगाला काय लावता? मलम, क्रीम, खोबरेल तेल. मी सगळी नावं सांगितली. या प्रश्नाला मी इतक्या वेळा उत्तर दिलं होतं की मला ते पाठ होतं.

मग त्यांनी आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. “नहलाते कैसे हैं? शुरू से बताइए।”

सासूबाई पुढं झाल्या. आंघोळ त्यांचं खातं. त्यांनी उत्साहानं सांगितलं, कोवळं ऊन, कोमट पाणी, डाळीचं पीठ, घरची साय. “जहां ज्यादा फटा है, वहां मलाई ज्यादा लगाती हूं,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मैत्रीची बाही वर सारून तिचं कोपर बघितलं. नंतर त्यांनी समजावलं, आणि अगदी हळू आवाजात. “पेट के रास्ते जो चीज आती है, शरीर उससे दोस्ती करना सीखता है। वही चीज फटी चमड़ी के रास्ते आए, तो शरीर उसे चोर समझता है।” एक्झिमाची त्वचा म्हणजे उघडं राहिलेलं दार. तिच्यावर रोज दूध चोळलं गेलं, आणि शरीरानं दुधाला चोर ठरवून ठेवलं. म्हणून ते पहिल्यांदा तोंडातून आलं, तेव्हा शरीर त्याच्यावर तुटून पडलं. हेच कारण आहे असं खात्रीनं सांगता येणार नाही, हेही ते म्हणाले. अशा मुलांना एरवीही ॲलर्जी होते. पण पीठ आणि साय आजपासून बंद.

मी दूध पीत नव्हते. दही खात नव्हते, चहा काळा घेत होते. माझ्यातून थेंबभरही दूध तिच्यात जाऊ नये म्हणून मी उपाशी राहत होते, आणि त्याच घरात, त्याच दुधाची साय, रोज सकाळी, आम्ही तिच्या उघड्या जखमांत भरत होतो. ती आमच्या लेखी खाणं नव्हती आणि औषधही नव्हती. आंघोळ होती, म्हणून ती कुणाच्या प्रश्नात आलीच नाही. मला हसू आलं. ते हसू काही चांगलं नव्हतं, संघपालनं माझा दंड धरला.

सासूबाई बाकावर जाऊन बसल्या. दोन्ही हात मांडीत उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत राहिल्या. मी त्यांच्यावर चिडले होते, हे खोटं कशाला बोलू? पण चिडायला काही हाती लागत नव्हतं. त्यांनी आपल्या नातीला घरातलं सगळ्यात चांगलं दिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मले काय माहीत होतं, बाई?” मला तरी काय माहीत होतं?

रक्ताची तपासणी झाली. ‘आयजीई’ नावाची एक चाचणी असते, शरीरानं कुठल्या पदार्थाविरुद्ध फौज उभी केलीय ते तिच्यात दिसतं. दुधाचा आकडा मोठा आला. मी डॉक्टरांना घरातल्या डब्याबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवली. तो डबाही गाईच्याच दुधाचा. तो उघडला असता, बाटली भरून पाजलं असतं, तर काय झालं असतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अशा मुलांसाठी एक वेगळं दूध मिळतं, पण रायपुरात ते मागवावं लागतं आणि पुष्कळ मुलं त्याच्या चवीला तोंड लावत नाहीत.

“अब आपका दूध ही इसका दूध है, मम्मी,” ते म्हणाले. “आप खाइए।”

इतके महिने ज्या दुधावर आळ होता, तेच आता तिला चालणारं एकमेव दूध होतं. आणि ते आटत आलं होतं. डॉक्टर निघून गेल्यावर मी मैत्रीला जवळ घेतलं. तिच्या हाताला सलाईनची पट्टी होती. ती ओढत राहिली, ओढत राहिली आणि रडली. मी नर्सबाईंना विचारलं, “आएगा ना?” त्या म्हणाल्या, “आएगा दीदी, पिलाते रहो।” पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. भनपुरीला जाऊन स्वयंपाक करून परत आल्या होत्या, त्या ट्रकांमधून. डब्यात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंड्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी सोडलेल्या कितीतरी वस्तू त्यांनी डब्यात भरल्या होत्या, दूध-दही तेवढं नव्हतं. मी दूध घ्यायचं की नाही, ते डॉक्टर पुढं बघणार होते. मैत्री माझ्या छातीशी होती, माझे हात गुंतलेले. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

“खाय.”

मी खाल्लं. मग रडले. तोंडात घास असताना रडता येत नाही नीट, ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं आणि पुढचा घास धरला. “खाय बाई, खाय. मले माफ नोको करू, पण खाय.” विहारात दरवर्षी मी खिरीची गोष्ट ऐकत आले आहे. उपासानं काही हाती लागत नाही, हे कळल्यावर बुद्धांनी ती खीर घेतली, असं सांगतात. त्या खिरीपायी माझी मुलगी मरणाच्या दारात जाऊन आली, पण माझा उपास मात्र सुटला.

दूध एका दिवसात आलं नाही. घरी आल्यावर किती दिवस मी नुसती पाजत बसत असे आणि काही होत नसे, ते आता आठवत नाही. सासूबाई दर थोड्या वेळानं काहीतरी खायला आणायच्या. शाळेची रजा संपत आली, वाढवून घेतली. मग एका सकाळी मैत्री पिता पिता गटागट आवाज करायला लागली. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून तो ऐकला आणि हातातलं लाटणं तसंच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

एक्झिमा गेला नाही. साध्या कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग ओलसर असतानाच क्रीम, आणि अंग पेटलं की डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस ते स्टेरॉइडचं मलम. हे सासूबाई इतक्या शिस्तीनं करू लागल्या की माझ्याकडून क्रीम लावताना कानामागची जागा राहिली तर मला बोलणी बसायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंडं, शेंगदाणे, गहू सगळं एकेक करून मैत्रीला देत गेलो, आणि ते तिला पचलं. दूध अजून चालत नाही. पुढं चालेल असं डॉक्टर म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. मी विचारणंही सोडलं आहे.

इतकं सगळं होऊनही मला जर कुणी विचारलं की तू काय केलंस, तर माझ्याकडं सांगण्यासारखं थोडंच आहे. मी सोडलं त्यानं काही झालं नाही, मी धरलं त्यानंही फारसं नाही. आम्ही सगळेच तिच्याभोवती जीव टांगणीला लावून बसलो होतो. ज्या डॉक्टरांनी स्टूल ओढून बसून ऐकलं, ज्या गृहस्थांनी व्हॅन काढली, त्यांचे उपकार आहेत. तुमच्या घरी असं बाळ असेल तर डॉक्टरांना आंघोळीपासून सगळं सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. आणि तुम्ही जेवा.

मैत्री पावणेदोन वर्षांची झाली तेव्हाची एक दुपार. मी शाळेतून आले, चप्पल काढली आणि नेहमीसारखी तिला पाजायला भिंतीला टेकून बसले. ती सासूबाईंच्या ताटाजवळ बसली होती, वरणभाताची शितं उचलून तोंडात घालत. मी हात पसरले. “ये, दुदू.” तिनं माझ्याकडं बघितलं, हसली आणि मान हलवली. नको. मग पुन्हा ताटाकडं वळली.

मी तशीच बसून राहिले. संध्याकाळी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं. तिला नको होतं. ज्या दुधावर आळ आला, जे टिकवायला मी रक्ताचं पाणी केलं, ते तिनं वरणभात खाता खाता सोडून दिलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पुढं कितीतरी दिवस छाती दुखत होती आणि मी कुणाला सांगत नव्हते. पण त्या दुपारी मी उठले, माझंही ताट वाढून घेतलं आणि तिच्यासमोर जेवायला बसले. तिनं सासूबाईंच्या ताटातलं एक शीत उचललं आणि माझ्या तोंडात घातलं.